गाडी सात, ऐकू येतंय का?

माझ्या मावशीला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये एकतीस वर्षं त्या कानावर हेडफोन चढवून बसल्यावर कानानं हात टेकले. घरात आम्हाला सवयच झाली होती, तिच्या उजव्या बाजूला बसायचं आणि भांडायचं असलं तर डाव्या.

दुसरी खूण तिच्या पायाची. कंट्रोलमध्ये बोलायचं तर टेबलाखालचं पायडल दाबायचं आणि ऐकायचं तर सोडायचं. त्यामुळे घरी फोनवर बोलतानाही तिचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला असायचा. समोरचा बोलायला लागला की पाय वर. आई म्हणायची, "हिच्या पायाकडे बघितलं तरी कळतं, आपली पाळी कधी आहे ते."

मावशी आईची मोठी बहीण. माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले, तेव्हापासून आम्ही तिघी एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचो. मावशीनं लग्न केलं नाही. तरुणपणी तिला रेडिओवर बातम्या वाचायच्या होत्या. आवाजाची परीक्षा दिली आणि नापास झाली. परीक्षक तिला म्हणाले होते, "आवाज स्वच्छ आहे तुमचा. पण बातम्यांचा वाटत नाही. शेजारच्या घरातून कोणीतरी बोलतंय असं वाटतं." हे ती आम्हाला हसत सांगायची, पण दोनदाच सांगितलं. त्यानंतर पोलीस खात्यात वायरलेसवर जागा निघाली. तिथं आवाज कसा आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हतं, आकडे आणि पत्ते नीट ऐकू आले की झालं.

कंट्रोल रूम मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. खिडक्या कायम बंद. एक लांब टेबल, त्यावर चार सेट, समोरच्या भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर लोहचुंबकाच्या छोट्या छोट्या गाड्या. कुठली गाडी कुठं गेली ते ऐकलं की उठून ती सरकवायची. टेबलावर एक जाडजूड वही असायची. तिच्यात वेळ, कोणाकडून, कोणाला आणि संदेश असे चार रकाने. मावशीचं अक्षर इतकं रेखीव की दुसऱ्या पाळीचे लोक तिच्या पानावरून आपली पानं भरायला शिकले.

आता ज्या दिवसाचं सांगायचंय, तो एक गुरुवार. मी तेव्हा दहावीत होते. पण त्या दिवशी काय झालं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ऑफिसातलं घरी आणायचं नाही हा मावशीचा दंडक होता, आणि तो तिनं निवृत्त होईपर्यंत मोडला नाही. पुढचं सगळं मी तिच्याकडून, आणि नंतर ज्यांच्यावर हे बेतलं त्या दोघांकडून, थोडं थोडं करून ऐकलंय.

त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी बाजारपेठेतली एक बँक लुटली गेली होती. तिघं आत शिरले, चौथा बाहेर गाडी चालू ठेवून बसला होता. पहारेकऱ्याच्या डोक्यात दांडा घातला, तो पुढे वाचला. आत शिरलेले तिघं त्याच संध्याकाळी एका भाड्याच्या खोलीत सापडले, लुटीचा मालही सापडला. गाडीवाला मात्र निसटला. तिघांनाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

तपास करणारे इन्स्पेक्टर शहरातले मुरलेले अधिकारी होते. कमी बोलणारे आणि सिगारेट ओढणारे. वायरलेसवर त्यांचा संदेश चार शब्दांच्या वर कधी जायचा नाही. मावशी त्यांना चेहऱ्यानं ओळखत नव्हती, आवाजानं ओळखत होती. अकरा वर्षं ती त्यांचा आवाज ऐकत होती. सकाळी घसा बसलेला असतो, रागात असले की शब्द आणखी कमी होतात, हे सगळं तिला पाठ होतं.

बँकेसमोरच्या चौकातल्या वाहतूक हवालदारानं जबाब दिला, "साहेब, गाडी माझ्या अंगावरून गेली म्हणा ना. पण आवाजच नाही हो इंजिनाचा! मांजर गेल्यासारखी गेली." हे ऐकलं आणि इन्स्पेक्टरांचा चेहरा उतरला. जुन्या खटारा गाडीचं इंजिन असं मांजरासारखं करून देणारा शहरात एकच माणूस होता. तो त्यांचा मित्र होता.

स्टेशनमागच्या गल्लीत त्या माणसाचं गॅरेज होतं. अठरा वर्षांची ओळख. इन्स्पेक्टरांची पहिली मोटारसायकल त्यानंच उभी करून दिली होती. त्यांच्या बायकोला कळा सुरू झाल्या आणि हे कुठल्या तरी बंदोबस्तावर अडकले होते, तेव्हा तिला दवाखान्यात यानंच पोचवलं होतं. रविवारी दुपारी दोघं गॅरेजमध्ये बसून कॅरम खेळायचे. असा माणूस बँक लुटायला गाडी घेऊन का गेला? यावर लोकांनी पुष्कळ अकलेचे तारे तोडले. तो स्वतः मला पुढे एकदा म्हणाला, "लोकांच्या गाड्या नीट चालाव्यात म्हणून जन्म गेला, बाळ. कोणीतरी येऊन म्हणालं, एक दिवस तुझ्या मनासारखी चालव. मी मूर्ख. गेलो." मी त्याला आणखी काही विचारलं नाही.

गाडी कुठं लपवली असेल याचा अंदाज इन्स्पेक्टरांनी केला. रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यावर पडीक शेड होत्या, तिथल्या एका शेडमध्ये गॅरेजवाला सुटे भाग ठेवायचा. गाडी हलवायला तो पहाट उलटल्यावर येणार, कारण त्याच वेळी तिथून दुधाचे ट्रक जातात आणि एक गाडी जास्त कोणाच्या डोळ्यांत येत नाही. गाडी नऊ मागच्या रस्त्यानं आणि गाडी सात पुढून, असं ठरलं. गाडी सात इन्स्पेक्टर स्वतः चालवत होते, सोबत कोणी नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण एकटे समोर गेलो तर तो हात वर करून येईल.

मावशीची पाळी सहाला सुरू झाली होती. सहा पस्तीसला गाडी नऊनं कळवलं, "कंट्रोल, रेल्वे फाटक बंद. मालगाडी उभी आहे. हलत नाही." मावशीनं ते गाडी सातला सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "ठीक." मग, "माणूस दिसतोय." आणि सहा चाळीसला, "उतरतोय."

तिथं काय झालं ते असं. गॅरेजवाला शेडच्या दारात उभा होता, अंगात लांब कोट, हात मोकळे. वीस-एक पावलांवर इन्स्पेक्टर थांबले आणि पिस्तूल काढून म्हणाले, "हात वर कर."

"तू आलास होय," तो म्हणाला. "मला वाटलं दुसऱ्या कोणाला पाठवशील."

"हात वर कर. ऐक माझं."

तो हसला, आणि त्यानं उजवा हात कोटाच्या आत घातला. इन्स्पेक्टरांनी गोळी झाडली.

तो खाली पडला. इन्स्पेक्टर धावत गेले, कोट बाजूला केला. हातात काही नव्हतं. खिशात काही नव्हतं. त्यांनी सगळे खिसे दोनदा चाचपले. मग ते उठले, चालत गाडीपर्यंत आले, दार उघडून आत बसले आणि माइक हातात घेतला. खटका दाबला, पण तोंडातून शब्द फुटेना. "त्या वेळी मला माझं नावही सांगता आलं नसतं," ते मला म्हणाले होते.

कंट्रोलमध्ये मावशीला आवाज ऐकू आला, म्हणजे श्वास ऐकू आला. कोणीतरी खटका दाबून धरलाय आणि श्वास घेतंय, धाप लागल्यासारखा. आणि त्याच्यामागे, लांबून, आणखी एक आवाज. कोणीतरी कण्हत होतं.

खटका सुटला. मावशीनं पायडल दाबलं. "गाडी सात, ऐकू येतंय का?"

काही नाही.

"गाडी सात, कंट्रोल बोलतंय. ऐकू येतंय का?"

पुन्हा खटका, पुन्हा तोच श्वास, पुन्हा मागे ते कण्हणं.

नियम असा होता की अ‍ॅम्ब्युलन्स पाठवायची तर जागेवरच्या अधिकाऱ्यानं मागितली पाहिजे, नाहीतर पाळीच्या हेडनं हुकूम दिला पाहिजे. अधिकारी बोलत नव्हता. हेड बाथरूममध्ये दाढी करत होते. मावशीनं मागे वळून एकदा बंद दाराकडे पाहिलं आणि दुसऱ्या सेटवरून अ‍ॅम्ब्युलन्सला कळवलं, "मालधक्का, जुनी शेड. गोळी लागलेला माणूस. लगेच निघा." गोळी लागलीय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. चौकशीत हा प्रश्न तिला चार वेळा विचारला गेला. ती चारही वेळा म्हणाली, "माणूस पाय मुरगळल्यावर असं कण्हत नाही."

मग ती पहिल्या सेटकडे वळली आणि आवाज खाली आणला.

"साहेब, मी आहे इथं. तुम्ही काही बोलू नका. बोलायची गरज नाही. मी विचारते, हो असेल तर खटका एकदा दाबा आणि सोडा. कळलं का?"

बराच वेळ काही नाही. मग, टक्.

"छान. तुम्हाला लागलंय?"

शांतता.

"तुम्हाला नाही. दुसऱ्याला लागलंय?"

टक्.

"जिवंत आहे ना तो?"

इथं तिचा जीव टांगणीला लागला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ती बघत होती. इन्स्पेक्टर गाडीच्या काचेतून बघत होते. पडलेल्या माणसाचा पाय हलला.

टक्.

"मग आपल्याला काम आहे. साहेब, सेटचा आवाज पूर्ण वाढवा आणि गाडीची दारं उघडी टाका. वाढवला?"

टक्.

"आता उतरा, त्याच्यापाशी जा. शर्ट, रुमाल, जे असेल ते जखमेवर ठेवा. दोन्ही तळहात, आणि वर अंगाचा सगळा भार. उचलून बघायचं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. जाताय?"

या वेळी खटका वाजला नाही. कारण माइक सीटवर टाकून ते धावले होते.

पण मावशीला हे कळायला मार्ग नव्हता. ते गेले, की अजून गाडीतच बसलेत, की आणखी काही वेडंवाकडं करून बसलेत, काहीच कळत नव्हतं. पिस्तूल त्यांच्याकडेच होतं आणि तिच्या मनात नको ते येत होतं. म्हणून ती बोलत राहिली. पुढची तेरा मिनिटं ती एकटी बोलली, समोरून एक अक्षर येत नसताना.

"अ‍ॅम्ब्युलन्स पुलावर आली, साहेब. दाबून धरा. हात भरून येतील, तरी सोडू नका. आता टाकीच्या चौकात आहे. फाटकवाल्याचा फोन आला, नऊ नंबरची मंडळी मालगाडीखालून वाकून पलीकडे आली आहेत, पायी निघाली आहेत. आणि खाली पडलेले भाऊ, तुम्हीही ऐका. मला तुमचं नाव माहीत नाही. डोळे मिटू नका. रागवा वाटलं तर, शिव्या द्या, मला कुठं ऐकू येतंय! पण झोपू नका. अ‍ॅम्ब्युलन्स आता फाटकाला न जाता गोदामाच्या रस्त्यानं घेतलीय, मीच सांगितलं तसं. तुमच्या कानावर भोंगा येईल आता. आला का? येईल."

त्या वेळी शहरात पोलिसांच्या चौदा गाड्या रस्त्यावर होत्या आणि सगळ्यांचा एकच चॅनेल. सकाळची वेळ, प्रत्येकाला काही ना काही कळवायचं असतं. त्या तेरा मिनिटांत एकाही गाडीनं मध्ये तोंड घातलं नाही. मावशी हे नेहमी सांगायची, आणि इथं तिचा आवाज बदलायचा. "चौदाच्या चौदा गप्प, बघ. मला कोणाला सांगावंसुद्धा लागलं नाही."

हेड बाथरूममधून बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका गालावर साबण होता. "काय चाललंय? अ‍ॅम्ब्युलन्स कोणी पाठवली?" मावशीनं त्यांच्याकडे न बघता हात वर केला, थांबा. ते थांबले. साबण गालावर वाळून गेला, तरी ते तिथंच उभे होते.

सहा सत्तावन्नला गाडी सातच्या सेटवर एक अनोळखी आवाज आला. "कंट्रोल, अ‍ॅम्ब्युलन्सचा अटेंडंट बोलतोय. पेशंट जिवंत आहे. निघालो. तुमचे साहेब हात काढायला तयार नाहीत, त्यांना पण बरोबर घेतलंय."

मावशीनं वहीत वेळ लिहिली. मग पुढचा संदेश घेतला, पुलावर भाजीचा टेम्पो उलटला होता. दोन वाजता पाळी संपवून ती घरी आली, पोटभर जेवली आणि आईला म्हणाली, "आज जरा जास्त बोलले. घसा दुखतोय." एवढंच.

चौकशी बसली. अधिकाऱ्यानं निःशस्त्र माणसावर गोळी झाडली, ही साधी बाब नव्हती. खात्यातल्या लोकांनी इन्स्पेक्टरांना समजावलं, "त्यानं हत्यार काढण्याचा प्रयत्न केला, एवढं लिहा. सगळे तेच म्हणतील." आणि मोठ्या साहेबांनी मावशीला केबिनमध्ये बोलावलं. तिची वही त्यांच्या पुढ्यात उघडी होती.

"हे काय लिहिलंय? 'खटका, हो. खटका, हो. शांतता.' ही काय भाषा झाली?"

"तेच ऐकलं, साहेब."

"हे बघा बाई, इथं एकच ओळ घालायची आहे. 'गाडी सातने अ‍ॅम्ब्युलन्स मागितली.' त्यात त्या इन्स्पेक्टरचंही भलं आहे. भानावर होता, कर्तव्य केलं, असं दिसेल. तुमच्यावरचं नियमभंगाचं बालंटही जाईल. कोणाचंच नुकसान नाही."

मावशी म्हणाली, "ऐकलं ते लिहिलं, साहेब. न ऐकलेलं कसं लिहू?"

घरी येऊन त्या रात्री मात्र ती झोपली नसावी. एका ओळीनं एका माणसाची नोकरी सावरली असती आणि ती ओळ तिनं लिहिली नव्हती. तिला ठपक्याचं पत्र मिळालं, एक वेतनवाढ थांबली. इन्स्पेक्टरांनी आपल्या जबाबात जसं घडलं तसंच लिहिलं होतं. हात रिकामा होता, मी गोळी झाडली, नंतर मला काही सुचेना, कंट्रोलनं सांगितलं ते केलं. दोन्ही जबाब ताडून पाहिले तर मिनिटाचासुद्धा फरक नव्हता. त्यांची नोकरी राहिली, पण तपासाचं काम गेलं. प्रशिक्षण शाळेत नव्या भरतीला शिकवायला पाठवलं.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी आमच्या जिन्यात एक उंच माणूस घुटमळताना आईला दिसला. तिला वाटलं शिंप्याकडे आलाय. "दुकान खाली आहे," ती म्हणाली.

"कंट्रोलच्या बाई इथं राहतात का?"

आतून मावशी ताडकन उठली. आवाज ओळखला होता तिनं. दारात येऊन ती त्यांच्याकडे पाहतच राहिली आणि म्हणाली, "तुम्ही इतके उंच असाल असं वाटलं नव्हतं."

ते आत बसले, चहा घेतला. आई आत गेल्यावर मावशीनंच विषय काढला. "साहेब, ती ओळ मी लिहिली असती तर तुम्ही आज तिथंच असता. मनाला लागून राहिलंय माझ्या."

ते कपाकडे बघत होते. "बाई, ती ओळ असती तर मला ती पाठ करावी लागली असती. कोर्टात, घरी, मुलीसमोर. प्रत्येक वेळी नव्यानं. तुम्ही मला त्यातून सोडवलंत." मग म्हणाले, "त्या गाडीत बसलो होतो, तेव्हा पिस्तूल मांडीवर होतं. तुम्ही आवाज वाढवा म्हणालात, म्हणून हात सेटकडे गेला. आभार मानायला आलोय. मला नीट जमत नाही ते."

"जमलं की," मावशी म्हणाली, आणि तोंड फिरवून कप उचलायला लागली.

त्या दिवसापासून ते आमच्या घरचे झाले. मला गणित शिकवलं त्यांनी. शब्द कमी, पण गणिताला शब्द कुठं लागतात!

गॅरेजवाल्याचं मात्र वेगळं झालं. तो महिनाभर इस्पितळात होता, मग नऊ वर्षांची शिक्षा. कोर्टात त्याला विचारलं, कोटात हात का घातलास? तो म्हणाला, "काही काढायला नाही. त्यानं गोळी घालावी म्हणून. त्याच्या हातून बेड्या घालून घ्यायच्या नव्हत्या मला." इन्स्पेक्टर तेव्हा कोर्टात बसले होते. ते तुरुंगात भेटायला गेले तर त्यानं भेट नाकारली, एकदा नाही, पाच वेळा. आणि एका शिपायाच्या तोंडी मावशीला निरोप पाठवला, "त्या बाईला सांगा, माझ्यावर कसले उपकार केले नाहीत तिनं. मी सुटलो असतो."

मावशीनं निरोप ऐकून घेतला. "रागावला म्हणजे जागा आहे," ती म्हणाली. वाईट वाटलं असेलच, पण दाखवलं नाही.

सहा वर्षं गेली. मावशी निवृत्त झाली. आणि मग तुरुंगाचा शिक्का असलेलं एक पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं. ते अजून आमच्याकडे आहे.

"ताई, माझ्या मुलीला मुलगी झाली. काल इथं घेऊन आली होती. जाळीतून बोट आत घातलं तर तिनं धरलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मला शिक्षा भोगायला मागे ठेवलंत. काल कळलं कशाला ठेवलंत ते. तुम्ही मला भाऊ म्हणाला होतात. मी शिव्याच देत होतो तेव्हा, तुम्हाला आणि त्यालाही. तो म्हणत होता, दे अजून दे. हे सगळं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. त्याला सांगा, भेटायला यायचं असेल तर येऊ दे."

मावशीनं ते पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि मला म्हणाली, "फोन लाव त्यांना." ती बोलत होती तेव्हा माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. जमिनीवर घट्ट दाबलेला होता, आणि पलीकडून काही उत्तर येत नसावं, कारण ती बराच वेळ म्हणत राहिली, "साहेब, आहात ना? सावकाश. मी आहे."

आता या सगळ्याला खूप वर्षं झाली. गॅरेजवाले सुटून आले, जावयाच्या जागेत लहानसं गॅरेज टाकलं. आम्ही त्यांना गॅरेजकाका म्हणतो. बरगडीखाली खळगा आहे, थंडीत तिथं दुखतं, आणि दुखलं की ते इन्स्पेक्टरांना फोन करून तेवढंच सांगतात, "दुखतंय." इन्स्पेक्टर म्हणतात, "ठीक." यात दोघांचं काय समाधान होतं देव जाणे, पण होतं. त्या गोळीबद्दल ते एकमेकांशी कधी मोकळेपणी बोलले असतील असं मला वाटत नाही. इन्स्पेक्टर आजही कॅरमला हात लावत नाहीत. सगळं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही.

मागच्या वर्षी मावशी न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. नंतर सहा आठवडे रोज व्यायामासाठी इस्पितळात न्यायचं होतं. आई थकलेली, मला नोकरी. मी टॅक्सी ठरवायला निघाले, तर दारात दोन म्हातारे हजर. काकांनी गाडी आणली होती आणि इन्स्पेक्टरांनी फाइल बगलेत मारली होती. रोज सकाळी नऊला खाली गाडी उभी. इंजिनाचा आवाज नाहीच, शिंप्याला हाक मारून सांगावं लागायचं, आलोय म्हणून.

एकदा मीही बरोबर गेले होते. काका जरा वेगात निघाले तर मावशी पुढच्या सीटवरून ओरडली, "हळू चालवा हो! मागे पोलीस बसलेत, दिसत नाही का?" मी गार पडले. असं कोणी बोलतं का? मग मागच्या सीटवरून इन्स्पेक्टर खोकल्यासारखे हसायला लागले, आणि काकांनी गाडी बाजूला घेतली, कारण हसून हसून त्यांना रस्ता दिसेना.

इस्पितळात व्यायाम चालू असताना ते दोघं बाहेर बाकावर बसायचे. त्या दिवशी मी मावशीबरोबर आत गेले आणि तिच्या उजव्या बाजूला उभी राहिले. ती दोन्ही कठड्यांना धरून एक एक पाऊल टाकत होती, कपाळावर घाम. मी म्हटलं, "तुझे किती उपकार आहेत गं या दोघांवर."

"वेडी आहेस," ती म्हणाली. पुढचं पाऊल टाकलं, मग थांबली. "एकतीस वर्षं मी लोकांना इकडं जा, तिकडं जा सांगितलं. जळालेली घरं, बुडालेली पोरं, हरवलेल्या बायका. कोणाचं पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. पाळी संपली की वही बंद. या दोघांचं तेवढं कळलं. रोज सकाळी नऊला येऊन कळवतात. उपकार त्यांचे आहेत, माझे कसले?"

"पाय उचला, आजी," व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली.

"उचलते गं," मावशी म्हणाली, आणि उचलला.